बुआलाताईचा शेक

खामपुनच्या जिभेला हाड नाही, हे ची नावाच्या नदीकाठच्या त्या गावाला पुरतं ठाऊक होतं, आणि गावाचं त्यात भलंच झालं होतं. ज्या जागेचं नाव बायका आपसातही घेत नसत, तिच्याबद्दल ही बाई दारात उभी राहून, पायांत येणाऱ्या कोंबड्या हुसकत, खणखणीत आवाजात बोलायची.

"गुरुवारी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. यायचं. लाजायचंच होतं तर लग्नात लाजायचं, आता चार पोरांनंतर कसली लाज?"

घरातला पुरुष काहीतरी आठवल्यासारखं करून गोठ्याकडे निघून जायचा. बाई तोंडावर हात धरून हसायची आणि बहुतेक वेळा गुरुवारी यायची.

ती आरोग्य स्वयंसेविका झाली ती काही सेवेच्या वेडाने नव्हे. नवरा बँकॉकला इमारतींच्या कामावर, पोरं शाळेत, आणि घरात सासू. कुठल्या तरी कारणाने घराबाहेर पडायला मिळतंय, एवढंच तिने पाहिलं होतं. पण काम हातात आलं आणि ती त्यात मुरली. सुरुवातीच्या वर्षांत तपासणीची गाडी आली की बायका उसात जाऊन बसायच्या. रोगाची भीती थोडी, लाजेची फार. तपासणारी नर्स ओरथाई पलीकडच्याच आळीतली. पांढरा डगला घालणाऱ्या प्रत्येकाला गाव 'मॉ', म्हणजे डॉक्टर, म्हणायचं, तशी तीही मॉ ओरथाई. जिने आपलं सगळं पाहिलं, तिच्याच शेजारी गुडघे टेकून देवळात भिक्खूंना भात कसा वाढायचा, हा बायकांपुढचा खरा प्रश्न होता. वरून येणाऱ्या साहेबांना तो कधी सुचला नाही. खामपुनने त्यावर उपाय काढला. लुंगीसारखं नेसायचं एक जुनं पासिन घेऊन समोर बेताची फट ठेवली, वर झडप शिवली आणि घरोघर नेऊन दाखवलं. हे नेसा, तोंडावर टॉवेल घ्या, मग ओरथाईला कळायचंही नाही समोर कोण झोपलंय ते.

"झडपेखाली सगळ्या गावाचं सारखंच," ती म्हणायची.

बायका हसल्या आणि उसातून बाहेर आल्या. अलीकडे तर घरच्या घरी स्वतःच नमुना घ्यायच्या नळ्या आल्या होत्या, त्यामुळे खामपुनचं काम निम्मं झालं होतं आणि चेष्टा मात्र दुप्पट.

वर्षातून एकदा तालुक्याच्या सभागृहात सगळ्या स्वयंसेविकांना बोलावून पडद्यावर देशाची रेघ दाखवत. दर लाख बायांमागे किती जणींना हा कर्करोग झाला, त्याची रेघ. एके काळी तिथल्या बायांच्या कर्करोगांत हाच पहिला होता. मग रेघ उतरायला लागली आणि छातीचा कर्करोग त्याच्या पुढे निघून गेला. "ही रेघ तुम्ही उतरवलीत," असं मॉ ओरथाई दरवर्षी सांगायची. इतर जणी टाळ्या वाजवून जेवणाकडे बघायच्या. खामपुन मात्र ते बोलणं अक्षरशः खरं मानायची. सगळ्या देशाची ती रेघ, तिच्या उतारावर कुठेतरी आपल्या झिजलेल्या चपलाही चालल्यात, असं तिला वाटायचं, आणि वाटू नये असं त्यात काही नव्हतंही.

म्हाताऱ्या होत चाललेल्या थोड्या जणी सोडल्या, तर सगळं गाव तिला बधलं. त्या थोड्या जणींत तिची सख्खी बहीण होती.

बुआला तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा खामपुन नीट चालतही नव्हती. बुआलाने तिला पाठीला बांधून भात लावला, पाठीला बांधूनच भात कापला. अशा बहिणीपुढे कुणाची जीभ चालणार? तपासणीचं काढलं की बुआला शांतपणे सुपारीचा विडा जुळवत म्हणायची, "पोरी, मी प्रत्येक बाळंतपणात शेक घेतलाय. माझं गर्भाशय वाळवलेल्या दुध्यासारखं कडक झालंय. त्यात कुठला रोग शिरतोय?"

खामपुन म्हणायची, "ताई, शेकाचा आणि याचा काही संबंध नाही."

"तू कालची पोर. मला शिकवू नकोस."

संपलं. सगळ्या गावाशी दाताच्या कण्या करणारी बाई तिथून मुकाट उठायची. सरकारचं बोलावणं तिशीपासून साठीपर्यंतच्या बायांना. बुआलाची साठी उलटली तेव्हा ती हसून म्हणाली, "सुटले बाई तुझ्या तावडीतून." खामपुनही हसली. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं.

पण या दोघींच्या मध्ये एक मांगूर मासा होता.

तो असा. बुआलाचं शेवटचं बाळंतपण झालं, विलाई जन्मली, तेव्हा खामपुन चौदा-पंधरा वर्षांची होती. बाळंतिणीला बांबूच्या खाटेवर निजवून खाली निखारे ठेवायचे, कढत पाणी पाजायचं, आणि खायला मीठ, आलं, भात आणि भाजलेली मरळ, बाकी काही नाही, ही तिथली रीत. मोडली तर त्याचं दुखणं बाईच्या अंगात दबा धरून बसतं आणि नुसत्या वासानेही कधीतरी पुन्हा उठतं, अगदी चाळीस वर्षांनीसुद्धा, यावर म्हाताऱ्या बायका देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवत. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. तळ्यात मरळ नव्हती. खामपुनला चिखलात एक मांगूर सापडला, तिने तो भाजला आणि काही न सांगता बहिणीला वाढला. त्या संध्याकाळी बुआलाला हुडहुडी भरली, ताप चढला, तिच्या सासूने काटे पाहिले आणि खामपुनचा उद्धार केला. बुआला बरी झाली. पण त्यानंतर जन्मभर तिचं डोकं दुखलं, कंबर धरली, की ती हसत म्हणायची, "तुझा मांगूर उठला बघ." ती चेष्टा होती. खामपुनला ती कधीच चेष्टा वाटली नाही.

बुआला सहासष्ट वर्षांची असताना, भाताची कापणी संपता संपता, तिच्या पासिनला रक्ताचे डाग लागले. तिने ते लपवून धुतले. पुन्हा लागले, तेव्हा तिने खामपुनला बोलावून घेतलं.

"परवाच्या लग्नात मांगुराची आमटी होती," ती म्हणाली. "मी खाल्ली नाही, पण वास गेला नाकात. बाळंतपणातलं उठलंय. तू शेगडी पेटव. तूच मोडलंस, तूच नीट कर."

आता इथे मला खामपुनचा राग येतो, आणि राग धरवतही नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवस थांबायचं नाही, हे वाक्य तिने गावातल्या प्रत्येक पायरीवर उभं राहून म्हटलं होतं. तिने बहिणीलाही म्हटलं. "ताई, आधी इस्पितळात जाऊ."

"इस्पितळात मला काय सांगणार? मांगूर कुणी वाढला होता, ते त्यांना ठाऊक आहे?"

तिला शिकवलेलं सगळं डोक्यात होतं, पण डोक्याच्या खाली, पोटात कुठेतरी, ती अजून चौदा वर्षांची होती आणि तिच्या हातात तो भाजलेला मासा होता. तिने स्वतःची समजूत घातली. चार दिवस शेक देऊ, ताईच्या जिवाला बरं वाटेल, मग आपण तिला गोडीगुलाबीने घेऊन जाऊ. तिने चिंचेची लाकडं फोडली. बांबूची जुनी खाट माळ्यावरून काढली. मुळ्या उगाळून पाजल्या. थंडीचे दिवस, दुपारी दोघी बहिणी निखाऱ्यांशेजारी बसायच्या, बुआला लहानपणीच्या गोष्टी सांगायची, विलाई तालुक्याच्या बाजारातलं आपलं नूडल्सचं दुकान बंद करून यायची आणि म्हणायची, "मावशी, किती दिवसांनी आईला एवढं हसताना पाहिलं."

आणि रक्त थांबलं. हाच घात झाला. थांबलंच नसतं तर खामपुनने तिला उचलून नेलं असतं.

त्या वर्षीच्या सभेत रेघ आणखी खाली आली होती. खामपुनने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

एप्रिलातल्या सोंगक्रानच्या, नववर्षाच्या सणाआधी रक्त पुन्हा सुरू झालं, या वेळी घाण वास घेऊन आणि कंबरेत कळा घेऊन. खामपुनने शेगडीकडे पाहिलंही नाही. भाच्याची गाडी मागवली आणि बहिणीला प्रांताच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टरने तपासून विचारलं, "हे कधीपासून आहे?" बुआलाने बहिणीकडे पाहिलं.

"कापणीपासून," खामपुन म्हणाली.

डॉक्टरने तिच्या अंगातल्या स्वयंसेविकेच्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि कागदावर लिहायला घेतलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रोग गर्भाशयाच्या तोंडापासून बराच पुढे गेला होता. विकिरणाची मशीनं, देवळाच्या धर्मशाळेतला मुक्काम, पोटात काही न ठरणं, सगळं झालं. पावसाळाभर बुआला इस्पितळाच्या फेऱ्या करत होती आणि खामपुन तिच्या पिशव्या उचलत होती.

त्यातल्याच एका दिवशी ती गावच्या आरोग्य केंद्रात गेली आणि मॉ ओरथाईपुढे बसली.

"मॉ, ती रेघ काढ. देशाची."

ओरथाईने संगणकावर काढली.

"आता साठीपुढच्या बायांची वेगळी दाखव."

ओरथाईने तीही काढली. ती रेघ उतरत नव्हतीच म्हटलं तरी चाललं असतं. थोडी डगमगत होती आणि पुढे चालली होती.

"तपासण्या सुरू झाल्या तेव्हा यातल्या निम्म्या बाया उसात लपल्या होत्या," ओरथाई सावकाश म्हणाली. "नंतर वय उलटलं, म्हणून आपण त्यांना बोलावणं बंद केलं. तरण्या बाया वाचताहेत, म्हणून सगळ्यांची मिळून रेघ खाली येते. राहिलंय ते वरच्या वयात साठलंय."

खामपुनला पूर आठवला. ची नदीचं पाणी उतरलं की गाव ढोल वाजवतं, आणि खोलगट शेतांत ते महिनोन्महिने तसंच कुजत राहतं. तिने विचारलं, "यात ताई कुठे आहे?"

"अजून नाही. हे मागच्या वर्षांचे आकडे आहेत. जमवून, तपासून इथे यायला वेळ लागतो."

"म्हणजे ती जिवंत आहे तोवर यात येणार नाही."

"मे, असा विचार नका करू. एका बाईने ही रेघ हलत नाही." तिथे वडीलधाऱ्या बाईला 'मे', म्हणजे आई, म्हणतात. ओरथाई मायेनेच बोलली होती, पण 'एका बाईने' हे शब्द खामपुनच्या जिव्हारी लागले.

"मी कापणीलाच आणली असती तर?"

ओरथाई खोटं बोलू शकली असती. ती बोलली नाही. "थोडं सोपं गेलं असतं कदाचित. वाचली असती की नाही, मला सांगता येणार नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा तुमचं ते झडपेचं पासिन नेसून झोपली असती, तर बहुतेक वाचली असती."

पाऊस सरता सरता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बुआला हडकून पोरीएवढी झाली होती. एका सकाळी खामपुन तिचं अंग पुसत असताना तिने तिचं मनगट धरलं.

"लोकांना सांग, बाळंतपणातलं पथ्य मोडलं होतं, ते उठलं. त्या जागेचा कर्करोग म्हणू नकोस. या रोगाला लोक काय म्हणतात तुला माहीत आहे. बाई वाईट, नाहीतर तिचा नवरा बाहेरचा. माझा माणूस देवासारखा होता. मेल्यावर त्याला चव्हाट्यावर आणू नकोस."

"ताई, तसं काही नसतं. कुणालाही होतो. एका नवऱ्याच्या बाईलाही—"

"मला ठाऊक आहे. तू शिकली आहेस. लोक शिकलेत का?"

विलाई दारात उभी राहून ऐकत होती.

"बरं," खामपुन म्हणाली. "नाही सांगणार."

पुढच्या कापणीच्या तोंडावर बुआला गेली.

तिथल्या रीतीप्रमाणे शव घरात ठेवलं, संध्याकाळी भिक्खू पठणाला यायचे, आणि दिवसभर अंगणात सगळ्या आळीच्या बायका स्वयंपाकाला जमायच्या. पुरुष सावलीत पत्ते खेळत होते. बायका पपई किसत होत्या, मिरच्या कुटत होत्या, चिकट भाताचे मुटके केळीच्या पानांत बांधत होत्या, आणि मेलेल्या माणसाविषयी जेवढं चांगलं बोलायचं असतं तेवढं बोलून झाल्यावर ज्याची त्याची दुखणी काढत होत्या. खामपुन सकाळपासून कांदे चिरत होती, म्हणून तिच्या डोळ्यांतलं पाणी कुणी मोजत नव्हतं.

शेजारची थोंगदी, सत्तरीची, पान बांधता बांधता सरकत तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तू बुआलाला शेक फार छान दिलास म्हणे. दोन-तीन महिने रक्त थांबलं होतं तिचं. माझ्यासाठी पेटवशील? मला अधूनमधून डाग लागतो. सुनेला सांगायची सोय नाही."

खामपुनच्या हातातली सुरी थांबली. तीही हळूच म्हणाली, "शेक नको. तू माझ्याबरोबर इस्पितळात चल."

"कशाला? मी पण पथ्य मोडलं होतं एकदा, फणस खाल्ला होता."

"तू चल म्हटलं ना."

तोवर समोरच्या दोघींनी 'शेक' एवढाच शब्द उचलला होता. एक म्हणाली, "माझ्या कंबरेसाठी पण बघ हो, खामपुन. आता आमच्या पिढीतलं ते जाणणारी तूच राहिलीस." दुसरी म्हणाली, "नाहीतर काय. हिला मॉ लोकांचंही कळतं आणि जुनंही कळतं. काही भलतंसलतं असतं तर हिला आधी कळलं नसतं? सख्ख्या बहिणीला हिने शेकच दिला की."

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या तिची स्तुतीच करत होत्या. खामपुनने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्या साठीपुढच्या. सगळ्या उसात लपलेल्या. तिनेच त्यांना हसत हसत सोडून दिलं होतं, आणि आता तिनेच पेटवलेल्या त्या शेगडीवर त्या एकामागून एक येऊन झोपणार होत्या. विलाई चुलीपाशी भाताची टोपली उतरवत होती. खामपुनला वाटलं, दहन होऊ दे, मग बघू. असंच तिला कापणीलाही वाटलं होतं.

तिने सुरी खाली ठेवली.

"बुआलाताईचं शेकाने काही बरं झालं नाही," ती म्हणाली, आणि तिचा तो खणखणीत आवाज पहिल्यांदाच फाटला. "तिला कर्करोग होता. गर्भाशयाच्या तोंडाचा. पथ्याने नाही, माशाने नाही, माणूस वाईट होता म्हणूनही नाही. संसार केलेल्या कुठल्याही बाईला होतो तो झाला. रक्त दिसलं तेव्हा मला कळलं होतं. मी तिला शेगडीपाशी बसवलं. वर्षानुवर्षं तुम्हाला सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि घरात हे केलं. आता मला शेकाला कुणी बोलवू नका."

कुटणं थांबलं. पत्त्यांवरच्या पुरुषांनी माना वळवल्या. विलाई टोपली तशीच धरून उभी होती.

"आईला शब्द दिला होतास तू," ती म्हणाली. "मी ऐकलंय."

"दिला होता."

"तिने तुला आईविना वाढवलं. तिला घराबाहेर नेईपर्यंत तरी तोंड मिटून राहता आलं नाही तुला?"

खामपुनने अर्धवट चिरलेला कांदा पुन्हा हातात घेतला. विलाई टोपली खाली ठेवून आत शवापाशी जाऊन बसली. तिने मावशीकडे वळून पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि दहनाच्या दिवशीही नाही.

बायकांनी हळूहळू पुन्हा मिरच्या कुटायला घेतल्या. ज्या जागेविषयी बोलायचं नसतं ती जागा आता मेलेल्या बाईच्या नावाला चिकटली होती, आणि उद्या ती गावभर होणार होती, हे प्रत्येकीला कळत होतं. बऱ्याच वेळाने थोंगदी बांधलेल्या मुटक्यांची परात घेऊन उठली आणि जाता जाता खामपुनपाशी वाकली.

"दहन झालं की येते मी तुझ्याबरोबर," ती कुजबुजली. "पण माझं काही निघालं, तर कुणाला सांगायचं नाही. शब्द दे."

खामपुनने तिच्याकडे मान वर करून पाहिलं.

"शब्द नाही देत," ती म्हणाली. "पण तू ये."